छापलेले आणि वाचलेले



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शिकवत राहिले आणि त्याच्या बरोबरीने दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासत राहिले. शिकवणे सगळ्यांना दिसते. निबंध तपासणे कुणालाच दिसत नाही. त्याचे मानधन नसते, परीक्षकाचे नाव छापत नाहीत, ज्याचा निबंध सुधारला त्यालाही तो कोणी सुधारला हे कळत नाही. संशोधन नियतकालिकांची सगळी इमारत या निनावी कामावर उभी आहे. तिची आज काय अवस्था झाली आहे आणि ती कोणामुळे झाली, याबद्दल मला बोलायचे आहे.

हिमालयापासून सुरुवात करतो. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता हे पुराजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर लेखन केले. तीनशेहून अधिक निबंध त्यांच्या नावावर जमा झाले. देशोदेशीचे नामवंत अभ्यासक त्यांचे सहलेखक होते. १९८९च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला आणि हा डोलारा हादरला. हिमालयात सापडले म्हणून दाखवलेले काही जीवाश्म हुबेहूब मोरोक्कोतल्या जीवाश्मांसारखे होते, आणि मोरोक्कोचे ते जीवाश्म पॅरिसच्या दुकानांत कुणालाही विकत मिळत. काही सूक्ष्म जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या, अभ्यासकांना चांगल्या माहीत असलेल्या जागेवरचे निघाले.

हे प्रकरण भूशास्त्रज्ञांच्या घरातले भांडण नव्हते. खडकाचे वय ठरवायला जीवाश्म हा आधार असतो. जीवाश्म दुसरीकडून आणून ठेवला की खडकाचे वय चुकते, खडकाचे वय चुकले की थरांचा क्रम चुकतो, आणि त्या क्रमावर पुढच्या पिढीने काढलेले निष्कर्षही चुकतात. हिमालयाचा भूगर्भ समजून घेणाऱ्या कित्येकांना आपापल्या संदर्भसूच्या पुन्हा तपासत बसावे लागले. त्यांची ती वर्षे कोण भरून देणार?

परीक्षकांना हे इतकी वर्षे कसे कळले नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. परीक्षकासमोर हस्तलिखित असते. तो युक्तिवाद तपासतो, छायाचित्रे पाहतो, संदर्भ जुळतात का बघतो. तो हिमालयातल्या स्पितीच्या खोऱ्यात जाऊन दगड फोडत नाही. परदेशी सहलेखकांकडे नमुने जात, ते त्यांची ओळख पटवून देत, आणि नमुना कुठे सापडला याबाबत गुप्तांच्या शब्दावर विश्वास ठेवत. तज्ज्ञ-परीक्षण ही पोलीसचौकी नाही. लेखक खरे बोलतो आहे असे गृहीत धरूनच ते सुरू होते. म्हणून जिथे लेखक खोटे बोलतो तिथे नियतकालिकाचा हात तोकडा पडतो, आणि खोटे उघडकीला आल्यानंतर पुढे काय करायचे ही जबाबदारी लेखकाला पोसणाऱ्या संस्थेकडे जाते. गुप्तांची विद्यापीठाने चौकशी केली. चौकशीत ते दोषी ठरले. तरीही ते निवृत्तीपर्यंत नोकरीत राहिले. माझ्या मते मूळ खोटेपणापेक्षा या गोष्टीने अधिक नुकसान केले, कारण त्या विद्यापीठाबाहेरच्या प्रत्येक तरुण संशोधकानेही ती पाहिली.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे आहे. १९९२ साली तिथल्या एका डॉक्टरांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना विशिष्ट आहार दिला तर मृत्यू कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. लवकरच संपादकांना आकड्यांबद्दल शंका येऊ लागली. त्यांनी मूळ नोंदी मागितल्या. त्या वाळवीने खाल्ल्या असे उत्तर मिळाले. जे मिळाले ते संख्याशास्त्रज्ञांना दाखवले, आणि त्यांचाही संशय बळावला. मग संपादक रिचर्ड स्मिथ यांनी भारतात या प्रकरणाची चौकशी करील अशी संस्था शोधायला सुरुवात केली. पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली, वर्षे गेली. हे आमचे काम आहे असे म्हणून कुणी पुढे आले नाही. शेवटी २००५च्या जुलैमध्ये, निबंध छापल्यानंतर तेरा वर्षांनी, त्या जर्नलने आपली शंका जाहीरपणे छापली. तोवर तो निबंध इतरांच्या लेखनात, आहाराच्या सल्ल्यांत संदर्भ म्हणून फिरत राहिला होता. डॉक्टर खरे की खोटे याचा निवाडा करणे हे माझे काम नाही. मला खुपते ते एवढेच की एका परदेशी संपादकाने या देशाचे दार ठोठावले आणि दार उघडायला कुणी आले नाही.

नियम नाहीत म्हणून हे घडते असे कुणी समजू नये. नियम आहेत. १९७८ साली व्हँकूव्हरला भेटलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटाने लेखनाचे समान नियम ठरवायला घेतले. १९९७ साली ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी आपापल्या टेबलावरची अवघड प्रकरणे एकमेकांना दाखवायची ठरवली, त्यातून प्रकाशन-नीतीची समिती उभी राहिली. तिला ‘कोप’ म्हणतात आणि आज जगभरातली हजारो नियतकालिके तिची सभासद आहेत. तेव्हापासून बहुतेक प्रसंगांसाठी लिहिलेली पद्धत आहे. एकच निबंध एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. पैसा कुठून आला ते सांगावे. परीक्षकाने हातात आलेले हस्तलिखित गुप्त ठेवावे, त्यातली कल्पना उचलू नये, लेखकाशी नाते किंवा वैर असेल तर ते आधीच सांगून दूर व्हावे. संपादकाने आपल्या मित्राचा निबंध स्वतः हाताळू नये. अलीकडे २०२३मध्ये कोपने हेही स्पष्ट केले की चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण लिहिलेल्याची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

यातल्या लेखकाच्या नावाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण हा दोष आपल्या अंगणातला आहे. व्हँकूव्हर गटाच्या नियमानुसार लेखक म्हणवण्यासाठी आज चार अटी आहेत. कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा असावा, लिहिण्यात किंवा गंभीरपणे दुरुस्त करण्यात हात असावा, अंतिम मसुद्याला संमती असावी, आणि उद्या कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची तयारी असावी. चारही अटी पाळल्या पाहिजेत. आपल्या किती विभागांत मार्गदर्शकाचे नाव निबंधावर या कसोटीने येते? किती ठिकाणी विभागप्रमुखांचे नाव केवळ ते विभागप्रमुख आहेत म्हणून येते? विद्यार्थ्याने रात्री जागून लिहिलेल्या निबंधावर पहिले नाव सरांचे, हे आपण इतकी वर्षे पाहतो आहोत की त्याला चोरी म्हणायला जीभ रेटत नाही. ती चोरीच आहे. विद्यार्थी बोलत नाही, कारण त्याच्या प्रबंधावरची सही सरांची असते.

परीक्षणाची पद्धत फार पुरातन आहे असाही एक समज आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हा काय छापायचे हे मुख्यतः तेच ठरवत. ‘नेचर’सारख्या नियतकालिकात प्रत्येक निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याचा नियम १९७३मध्ये आला. म्हणजे आपण जिला संशोधनाची कसोटी म्हणतो ती तशी तरुण आहे, आणि तिच्यावर फार मोठे ओझे फार लवकर टाकले गेले.

ते ओझे मोजणीचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय ही गुणांकनाची पद्धत आणली. तज्ज्ञ-परीक्षित जर्नलमधल्या निबंधाला पंधरा गुण, आयएसएसएन असलेल्या इतर नियतकालिकातल्या निबंधाला दहा गुण. हेतू चांगला होता. वशिल्याने होणाऱ्या बढत्यांना काही मोजमाप असावे, असे कुणालाही वाटेल. पण आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे. तो मिळवायला दर्जा सिद्ध करावा लागत नाही. त्याच सुमारास पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापलेला असणे सक्तीचे झाले. हजारो माणसांना निबंध हवा, ठरलेल्या तारखेच्या आत हवा, आणि तो कुणी वाचणार नाही याची सगळ्यांना खात्री. अशा गरजेभोवती बाजार उभा न राहता तरच नवल.

बाजार उभा राहिलाच. ‘आमच्या जर्नलमध्ये तीन दिवसांत पेपर’, ‘सर्टिफिकेट सोबत मिळेल’ अशा जाहिराती महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर येऊ लागल्या. परिषदेचे नोंदणी शुल्क भरा, पेपर अंकात लागेल. एका लेखकाचे इतके, तिघांचे इतके. लेखकाकडून शुल्क घेण्याची मूळ कल्पना उदात्त होती, हे विसरू नये. वाचकाकडून वर्गणी न घेता खर्च लेखकाच्या बाजूने भरायचा म्हणजे ज्ञान सगळ्यांना मोफत मिळेल. या कल्पनेतून उत्तम नियतकालिकेही निघाली. पण जिथे छापण्याचेच पैसे मिळतात तिथे नकार देणे म्हणजे उत्पन्न सोडणे. ते सोडण्याची ताकद ज्या संपादकात नाही, तो संपादक राहत नाही.

२०१३च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ने पत्रकार जॉन बोहॅनन यांची एक चाचणी प्रसिद्ध केली. अस्तित्वात नसलेल्या संस्थेतल्या अस्तित्वात नसलेल्या शास्त्रज्ञाच्या नावाने, दगडफुलापासून कर्करोगावर औषध मिळाल्याचा निबंध त्यांनी रचला. त्यात ढोबळ चुका मुद्दाम ठेवल्या होत्या. शुल्क घेणाऱ्या ३०४ जर्नलांकडे तो थोड्याफार फरकाने पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. निबंध ज्यांच्याकडे पाठवला त्या जर्नलांत सर्वांत मोठा वाटा भारतातल्या जर्नलांचा होता. हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६मध्ये खटला भरला. परीक्षण होते असे सांगितले पण केले नाही, शास्त्रज्ञांची नावे त्यांना न विचारता संपादक म्हणून लावली, शुल्क किती हे आधी लपवले, असे आरोप होते. २०१९च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. आमच्या देशातून चालणाऱ्या या धंद्याचा हिशेब परक्या न्यायालयाने मागितला, ही गोष्ट मला अजून बोचते.

आपल्याकडे हिशेब मागितला तो पुण्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची भलीमोठी यादी जाहीर केली होती, आणि तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावे होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातली १००९ नियतकालिके एकेक करून तपासली. पत्ता खरा आहे का, संपादकांची नावे दिली आहेत का, आयएसएसएन बरोबर आहे का, संदर्भांच्या मोजणीवरून काढलेल्या इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खरा आहे का. या साध्या प्रश्नांच्या कसोटीला उतरली ती फक्त ११२. बाकीची ८८ टक्क्यांहून अधिक बाद झाली. मार्च २०१८मध्ये ‘करंट सायन्स’ने हा अभ्यास छापला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४३०५ नावे वगळली. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे हे काम आहे, आणि ते करायला कोणती महागडी प्रयोगशाळा लागली नव्हती. बसून बघायची तयारी लागली होती.

त्यातून मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तिचे काम पुणे विद्यापीठाकडे आले, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. २०२२मध्ये प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्तीही गेली. केअर यादीत मराठी नियतकालिकांनाही जागा मिळाली होती, हे मी महत्त्वाचे मानतो. कारण केवळ स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूच्यांचीच मोजपट्टी धरली, तर महाराष्ट्राच्या इतिहासावर, बोलींवर, संतसाहित्यावर मराठीत लिहिणाऱ्याचे काम हिशेबातच येत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातल्या एका अस्सल पत्राच्या संपादनाला शून्य, आणि इंग्रजीतल्या पाट्या टाकणाऱ्या निबंधाला पंधरा, हा न्याय नव्हे. पण याद्यांचा रोग केअरलाही लागला. यादीतल्या जर्नलांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे निघाली. यादीत नाव येताच काही छोट्या नियतकालिकांकडे निबंधांचा लोंढा सुरू झाला आणि पानांचा भाव ठरू लागला. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. मार्गदर्शक निकष दिले आहेत. म्हणजे चेंडू आता आपल्या अंगणात आहे.

हा रोग केवळ गरिबांच्या गल्लीतला आहे, असे मात्र कुणी समजू नये. वायली या जुन्या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेने २०२१मध्ये हिंदावी हा समूह सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतला. पाहुण्या संपादकांचे ‘विशेषांक’ काढून निबंधांची संख्या वाढवायची, ही तिथली रीत होती. त्या दारातून निबंध विकणाऱ्या टोळ्या आत शिरल्या, परीक्षकच बनावट उभे केले गेले. २०२३ या एका वर्षात हिंदावीच्या जर्नलांमधून आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. ‘लॅन्सेट’सारख्या अग्रगण्य नियतकालिकाने १९९८ साली बारा मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध छापला, आणि तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडले. मधल्या काळात ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले आणि गोवर परतला. छापलेल्या चुकीची किंमत लहान मुलांनी मोजली.

म्हणून निबंध मागे घेणे ही नामुष्की मानायची आपली सवय मोडली पाहिजे. रसायनशास्त्राच्या २०१८च्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस आर्नल्ड यांनी जानेवारी २०२०मध्ये स्वतःचा ‘सायन्स’मधला निबंध मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून पाहता निष्कर्ष मिळेना, हे त्यांनी उघड सांगितले आणि आपण त्या वेळी कामात होतो, नीट लक्ष दिले नाही, याबद्दल जाहीर माफी मागितली. त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. आपल्याकडे एखाद्या प्राध्यापकाने असे केले तर त्याच्या बढतीच्या फायलीचे काय होईल, हा प्रश्न येथे बसलेल्या प्राचार्यांनी स्वतःला विचारावा.

तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या, तुटपुंज्या मानधनातून पेपरचे पैसे भरणाऱ्या तरुण शिक्षकाला मी या प्रकरणातला मुख्य आरोपी मानत नाही. त्याने चूक केली, ती चूकच आहे. पण त्याच्यापुढे दुसरा दरवाजा ठेवला नव्हता. मुख्य दोष ज्यांच्या हातात निवड आहे त्यांचा आहे. मुलाखतीच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा येतो, गुण मोजले जातात, गठ्ठा परत जातो. त्यातला एकही निबंध कुणी उघडलेला नसतो. न वाचता मोजणारी समिती आणि न वाचता छापणारे जर्नल एकमेकांवर जगतात. पहिली थांबली तर दुसऱ्याला गिऱ्हाईक उरणार नाही.

येथे कुलगुरू आहेत, प्राचार्य आहेत, निवड समित्यांवर जाणारे विषयतज्ज्ञ आहेत. माझी विनंती तुम्हाला आहे. पुढच्या मुलाखतीच्या आधी उमेदवाराकडून त्याचे सगळे निबंध मागवू नका, त्याला स्वतःला सर्वांत चांगले वाटणारे दोनच मागवा. समितीतल्या निदान दोघांनी ते आदल्या दिवशी वाचून यावे. मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत: ही माहिती कशी मिळवली, मूळ नोंदी कुठे आहेत, सहलेखकाने काय केले, परीक्षकाने काय सुधारायला सांगितले. निबंध मराठीत असेल तर मराठीत विचारा. आणि आपल्या विद्यापीठात संशोधनातल्या गैरप्रकाराची तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर ठळक लावा, म्हणजे उद्या कुठल्या संपादकाचे पत्र आले तर त्याला उत्तर मिळेल. यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. या जूनपासून सुरुवात करता येईल.